अपाचेचे दूरचे भाऊबंद : काटो लोक, त्यांची भाषा आणि नावाचा प्रवास

पाणकोंबडी

मंडळी, मागे इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, "अपाचे म्हणजे नक्की काय?" उत्तरं तीन आली : मोटारसायकल, हेलिकॉप्टर आणि वेब सर्व्हर. अपाचे नावाची अमेरिकेतली आदिवासी माणसंही आहेत हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्याच भाषाकुळातल्या एका चिमुकल्या समाजाबद्दल लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं, आज मुहूर्त लागला.

सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे १०१ धरून उत्तरेला निघालं की तीनेक तासांनी मेंडोसिनो काउंटीतलं लेटनव्हिल लागतं. हा भाग काटो लोकांचा. इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे करतात, एक सी-ए-एच-टी-ओ आणि दुसरं के-ए-टी-ओ. जमात स्वतः पहिलं वापरते, मानववंशशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत दुसरं दिसतं. उच्चार दोन्हींचा काटोच. ईल नदीच्या दक्षिण फाट्याच्या उगमाकडचा डोंगराळ मुलूख, रेडवुड आणि ओकची जंगलं, नद्यांत सामन मासा. मुख्य अन्न ओकची फळं. ती कुटून, पाण्याने धुऊन त्यांचा कडवटपणा काढायचा आणि मग पिठाची पेज करायची. घर गोलाकार, जमिनीत थोडं खणून बांधलेलं, आणि एकेका घरात दोन-तीन कुटुंबं. पूर्वेला युकी, पश्चिमेला किनाऱ्यावरचे युकी, उत्तरेला वायलाकी, दक्षिणेला पोमो.

आता नाव. "काटो" हा शब्द काटो भाषेतला नाहीच! तो शेजारच्या उत्तर पोमो भाषेतला, अर्थ "तळं". तळ्याकाठी यांचं एक मोठं गाव होतं, त्यावरून शेजाऱ्यांनी अख्ख्या समाजाला ते नाव चिकटवलं. त्या गावाला स्वतः काटो लोक "जिल्बी" म्हणत. (हो, उच्चार साधारण तसाच. मठ्ठा मागू नका.)

शेजाऱ्यांचं नाव लागल्याचा परिणाम असा, की स्टीफन पॉवर्स यांनी १८७७ साली कॅलिफोर्नियातल्या जमातींवर जो ग्रंथ काढला त्यात हे लोक "काटो पोमो" म्हणून पोमोंच्या रांगेत जाऊन बसले. बहुतेक काटोंना पोमो भाषा अस्खलित येई, काहींना युकीही. बाहेरच्या माणसाशी ते पोमोत बोलले असतील तर ऐकणाऱ्याला फरक कसा कळावा? शेवटी १९०३ साली प्लायनी अर्ल गॉडर्ड या अभ्यासकाने एक छोटा लेख लिहिला. शीर्षकच "काटो पोमो हे पोमो नव्हेत"! लेख दोनच पानांचा.

त्यांची भाषा अथाबास्कन कुळातली. म्हणजे अपाचे आणि नावाहो ज्या कुळातले, त्यातली.

स्पॅनर

म्हणजे माझी अपाचे आरटीआर १६० यांच्या चुलतभावाच्या नावाने पळते म्हणायची! ताई, एक शंका. अपाचे तर ॲरिझोना-न्यू मेक्सिकोकडचे ना? वेस्टर्न पिक्चरमध्ये तरी वाळवंटातच दिसतात. हे रेडवुडच्या जंगलात कसे?

पाणकोंबडी

@स्पॅनर, या कुळाचं मूळ ठिकाण दोन्हींपैकी एकही नाही. अथाबास्कन भाषांचा मोठा गोतावळा अलास्का आणि वायव्य कॅनडात आहे. तिथून काही गट केव्हातरी दक्षिणेकडे सरकले. एक शाखा नैऋत्येतल्या कोरड्या मुलखात गेली, तेच नावाहो आणि अपाचे. दुसरी पॅसिफिक किनाऱ्याजवळ ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियात विखुरली. त्यात टोलोवा, हूपा, मॅटोल, वायलाकी, सिंकयोन वगैरे. काटो या किनारी शाखेचं सगळ्यात दक्षिणेकडचं टोक.

काटोत पाण्याला "तो" म्हणतात. नावाहोतही "तो". मध्ये हजार किलोमीटरहून जास्त अंतर आणि कित्येक शतकं.

बाय द वे, "अपाचे" हेही शेजाऱ्यांनी दिलेलं नाव आहे. बहुतेक अभ्यासक ते झुनी भाषेतून स्पॅनिशमध्ये आलं असं मानतात, पण एकमत नाही.

मीमांसक

पाण्याला दोन्हीकडे "तो", हा काही पुरावा झाला नाही. एकाक्षरी शब्द कुठेही जुळतात. संस्कृत आणि जपानीचं नातं अशाच शब्दांवर सिद्ध करणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. व्याकरण काय म्हणतं ते सांगा.

पाणकोंबडी

@मीमांसक, रास्त. खरा पुरावा क्रियापदात आहे. अथाबास्कन क्रियापदाचा धातू शेवटाकडे असतो आणि त्याच्या आधी उपसर्गांची माळ. दिशा, कर्म, कर्ता, काळाची छटा असं सगळं ठरलेल्या क्रमाने. एक क्रियापद म्हणजे पुष्कळदा अख्खं वाक्य. हा साचा अलास्कापासून ॲरिझोनापर्यंत ओळखू येतो, आणि काटोत तोच आहे.

या कुळाची दुसरी खूण म्हणजे वस्तू कशी आहे त्यावर धातू बदलतो. नावाहोत "दे" म्हणायचं तर चेंडू, काठी, दोरी आणि भरलेला पेला यांना एकच क्रियापद चालत नाही. गोल घट्ट वस्तूला एक धातू, लांब ताठ वस्तूला दुसरा, दोरीसारख्या लवचीक वस्तूला तिसरा. हूपातही तसंच.

आणि शब्दांचंही एकदोन शब्दांवर भागत नाही, नियमित जोड्या लागतात. "मोठा" या अर्थाचा प्रत्यय काटोत "-चो", नावाहोत "-त्सो". अशा ओळीने जोड्या आहेत, आणि कोणता ध्वनी कुठे काय होतो हे आधी सांगता येतं.

मीमांसक

हे पटलं. धन्यवाद.

चिंगी

मस्त धागा! व्याकरण डोक्यावरून गेलं पण वाचतेय. यांच्या गोष्टी वगैरे काही शिल्लक आहेत का हो?

पाणकोंबडी

@चिंगी, आहेत, आणि त्या एका माणसामुळे. १९०६ सालच्या वसंतात गॉडर्ड लेटनव्हिलला गेले आणि बिल रे नावाच्या साठीतल्या काटो गृहस्थांनी त्यांना गोष्टी सांगितल्या. १९०९ साली त्या "काटो टेक्स्ट्स" या नावाने कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापल्या. पुढे १९१२ मध्ये गॉडर्डनी त्याच भाषेच्या उच्चारांवर आणि व्याकरणावर स्वतंत्र पुस्तक काढलं.

माझी आवडती गोष्ट पृथ्वी येण्याची. सुरुवातीला सगळीकडे पाणीच पाणी. जमीन नाही, डोंगर नाही, झाड नाही, पशुपक्षी नाहीत. आणि पाण्याखालून एक अवाढव्य, लांब शिंगांचा प्राणी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत येतो. तीच पृथ्वी. तिच्या डोक्यावर उभा आहे नागाइचो, म्हणजे "मोठा प्रवासी". (वरचा "-चो" बघा, तोच हा.) चालत चालत ती दूर दक्षिणेला पोचते आणि तिथे अंग टाकून आडवी होते.

मग नागाइचो परत उत्तरेला घरी जायला निघतो, सोबत त्याचा कुत्रा. ही परतीची वाट फार गोड आहे. दर थोड्या अंतरावर तो थांबतो आणि कुत्र्याला दाखवतो : बघ, गवत उगवलंय. बघ, ओढ्यात मासे झालेत. इथलं पाणी पिऊन बघ, मीही पितो. झाडं वाढलीत, डोंगर वर आलेत, हरणं आहेत. आपण चांगलं केलं बरं का. आणि घर जवळ येतं तसं तो स्वतःशीच घोकायला लागतो की आता पोचतोच, आता पोचतोच. घरी पोचतात आणि सांगणारा म्हणतो, "एवढंच."

जग निर्माण करून झाल्यावर कुत्र्याबरोबर पायी फिरून ते तपासणारा देव मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

रानजाई

युधिष्ठिराचा कुत्रा शेवटी, यांचा सुरुवातीला!

गोष्ट सांगण्याची लकब कशी आहे? आपल्या आजीच्या गोष्टीत "एक होतं आटपाट नगर" असतं तसं काही?

पाणकोंबडी

सुरुवातीचं ठरीव वाक्य नाही, पण जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी "असं म्हणतात" या अर्थाचा एक शब्द येतो. इंग्रजी भाषांतरात ते फार खटकतं, दर ओळीला "दे से, दे से". मराठीत केलं तर चुटकीसरशी बसेल. पाणी आलं म्हणे. डोंगर नव्हते म्हणे. नागाइचो निघाला म्हणे.

पेन्शनर

लेख आवडला. पण एक विचारतो. एकट्या बिल रे यांच्यावर भाषेचा सगळा भार का पडला? बाकीचे लोक गेले कुठे?

खारा वारा

@पेन्शनर काका, याचं उत्तर सुखाचं नाही. कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचं वाचन थोडंफार आहे म्हणून लिहितो.

१८४८ ला सोनं सापडलं, १८५० ला कॅलिफोर्निया राज्य झालं आणि त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने एक कायदा केला. नावात "इंडियनांचं शासन आणि संरक्षण". प्रत्यक्षात त्याच्या आधारे आदिवासी मुलं "शिकाऊ" म्हणून गोऱ्यांच्या ताब्यात देता येत आणि "भटक्या" ठरवलेल्या मोठ्यांना वेठीला धरता येई. मेंडोसिनोच्या भागात मुलं पळवून विकण्याचा धंदाच चालला. १८५१-५२ मध्ये केंद्र सरकारच्या प्रतिनिधींनी राज्यभरातल्या जमातींशी १८ करार केले. सिनेटने एकही मंजूर केला नाही, वर ते गुप्त ठरवून ठेवले. १९०५ साली ते उघड झाले. तोवर जमिनी गेल्या, माणसं गेली.

१८५९ मध्ये वॉल्टर जार्बो नावाच्या माणसाच्या हाताखाली "ईल रिव्हर रेंजर्स" ही टोळी उभी राहिली. मुख्य बळी युकी. सहा महिन्यांनी जार्बोने गव्हर्नरला हिशेब दिला, त्यात २८३ मारल्याचं त्यानेच लिहिलंय, आणि खर्चाचं बिल राज्य सरकारने भरलं. या मोहिमेला रेटा देणाऱ्यांत सेरॅनस हेस्टिंग्ज होते, राज्याचे पहिले सरन्यायाधीश. पुढे त्यांच्या देणगीतून सॅन फ्रान्सिस्कोत लॉ कॉलेज निघालं आणि ते त्यांचं नाव दीडशे वर्षांच्या आसपास मिरवत होतं. २०२३ च्या १ जानेवारीला ते नाव अधिकृतपणे उतरलं.

काटोंची लोकसंख्या गोरे येण्याआधी मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांच्या अंदाजाने ५००, दुसरे अभ्यासक शेर्बर्न कुक यांच्या अंदाजाने ११०० च्या घरात. १९१० च्या सुमाराला पन्नासच्या आसपास उरली होती. बिल रे यांचं वय १९०६ ला साठीत धरलं तर हा सगळा काळ त्यांनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेला असणार.

पेन्शनर

वाचून सुन्न झालो. "संरक्षण" हा शब्द कायद्याच्या नावात असला की जरा जपूनच राहावं.

उंटावरचा शहाणा

इतिहास वाईट आहे, मान्य. पण नावावरून एवढा काथ्याकूट कशाला? शेजाऱ्याने दिलं काय, स्वतः घेतलं काय. नाव टिकलं ना? हेलिकॉप्टरला अपाचे, चिनूक नाव देतात तो सन्मानच की. उद्या कोणी रणगाड्याला "मावळा" म्हटलं तर आपण फटाके वाजवू.

पाणकोंबडी

@उंशा, टिकलं आहे, पण कुठेकुठे ते बघा. लेटनव्हिलजवळच्या डोंगराला काटो पीक म्हणतात. ओढा आहे, काटो क्रीक. १८६० च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच खोऱ्यात "काटो" नावाचं गाव वसवलं, पोस्टासकट. पुढे रहदारी आणि व्यापार लेटनव्हिलकडे सरकला आणि ते गाव ओस पडलं. अमेरिकी नौदलात "काटो" नावाची एक टगबोट होती, बंदरात मोठ्या जहाजांना ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी. टगबोटींना आदिवासी नावं द्यायची तिथे रीतच होती. गाव वसवताना किंवा बोटीचं बारसं करताना लेटनव्हिलला जाऊन कोणी परवानगी मागितली असेल असं मला वाटत नाही.

आणि इंटरनेटवर के-ने शोधलंत तर आधी जपानी आडनावं येतात. युगांडात जुळ्यांपैकी धाकट्या मुलाचं नावही काटो. त्यांचा दोष नाही, पण एकेकाळी पाचपन्नास माणसंच उरलेल्या समाजाचं नाव या गर्दीत हुडकावं लागतं.

खारा वारा

@उंशा, सन्मानाच्या बाबतीत दोन्ही बाजू आहेत. लाकोटा नावाच्या हेलिकॉप्टरला २०१२ मध्ये लाकोटा जमातीच्या ज्येष्ठांनीच स्टँडिंग रॉक या राखीव क्षेत्रात विधिपूर्वक आशीर्वाद दिला होता. त्यांना अभिमान वाटला. पण त्याच्या आदल्याच वर्षी बिन लादेनच्या मोहिमेत "जेरोनिमो" हा सांकेतिक शब्द वापरला गेला, तेव्हा फोर्ट सिल अपाचे जमातीच्या अध्यक्षांनी ओबामांना पत्र लिहून माफीची मागणी केली. जेरोनिमो त्यांचा पूर्वज-नेता, आणि तो शब्द अतिरेक्यासाठी! तेव्हा सन्मान की अपमान हे ज्याचं नाव आहे त्याला विचारून ठरतं, आपल्याला काय वाटेल त्यावरून नाही.

"मावळा"चं म्हणाल तर नाव देणारेही आपणच असू. इथे नाव देणारं सैन्य तेच, ज्याने अपाचेंचा पाठलाग केला.

उंटावरचा शहाणा

जेरोनिमोचं माहीत नव्हतं. तरी मी म्हणतो, नाव अजिबात कुठेच नसण्यापेक्षा बोटीवर असलेलं बरं.

स्पॅनर

उंशा नेहमीप्रमाणे उंटावरच. उतरा आता.

मीमांसक

अवांतर थांबवा. मला "काटो कोण" हे आज कोण ठरवतं यात रस आहे. सरकारी मान्यता आहे का?

खारा वारा

आहे. "काटो ट्राइब ऑफ द लेटनव्हिल रँचेरिया" ही केंद्र सरकारची मान्यताप्राप्त जमात. काही काटो कुटुंबं राउंड व्हॅलीच्या राखीव क्षेत्रातही नोंदलेली आहेत. रँचेरिया म्हणजे भूमिहीन झालेल्या आदिवासींसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने घेऊन दिलेला जमिनीचा लहानसा तुकडा. ते १८ करार सिनेटने बुडवले म्हणून हा मागाहून केलेला उपाय. लेटनव्हिलला जमातीने एक छोटा कॅसिनोही काढला. कर आणि जुगाराच्या कायद्यात जमातींना असलेली वेगळी जागा हा निराळा विषय, त्यात शिरत नाही.

"काटो कोण" हा प्रश्न कोर्टातही गेला. हूपा आणि युरोक या जमातींमधला वाद मिटवायला केलेल्या १९८८ च्या कायद्यानुसार काहींना तिकडचे पैसे मिळाले, त्यातले वीसेक जण काटोंच्या यादीतही होते. १९९५ मध्ये जमातीने याच कारणावरून त्यांची नावं कमी केली. केंद्राच्या इंडियन अफेअर्स खात्याने जमातीला सांगितलं की त्यांना परत घ्या. जमात कोर्टात गेली आणि २०१३ साली नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की जमातीच्या घटनेनुसार खात्याला इथे हस्तक्षेपाचा अधिकार नाही. सभासद कोण, हे जमात ठरवणार. वगळले गेले त्यांच्या दृष्टीने हा न्याय होता का, ते मात्र सोपं नाही. लहान समाजात एकेक घर वगळणं म्हणजे भाऊबंदकीच.

रानजाई

आणि भाषा? आता कोणी बोलतं का?

पाणकोंबडी

लहानपणापासून काटो बोलत मोठं झालेलं माणूस आज नाही. पुस्तकांत "मृत" लिहितात. कॅलिफोर्नियातल्या अनेक आदिवासींना तो शब्द आवडत नाही, ते "झोपलेली" म्हणतात. मला आधी ही शब्दांची कोवळीक वाटायची, पण कारण व्यवहाराचं आहे. मृत म्हटलं की विषय आणि अनुदान दोन्ही बंद. बर्कलीत "ब्रेथ ऑफ लाइफ" नावाच्या कार्यशाळा भरतात. ज्यांच्या भाषेचा एकही बोलणारा उरला नाही असे लोक तिथे येऊन आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलेल्या नोंदी वाचायला शिकतात. उच्चाराच्या खुणा कशा वाचायच्या इथपासून सुरुवात. गॉडर्डसारखी टिपणं अशा वेळी उपयोगी पडतात. माणूस हूपा खोऱ्यात आधी मिशनरी म्हणून गेलेला, त्यामुळे त्याच्या हेतूंबद्दल हवी तेवढी चिकित्सा करा, पण कान तयार होता.

नावांच्या बाबतीत एक ताजी गोष्ट. काटोंसह दहा जमातींची "इंटरट्रायबल सिंकयोन वाइल्डरनेस कौन्सिल" ही संस्था आहे, १९८६ पासूनची. जानेवारी २०२२ मध्ये "सेव्ह द रेडवुड्स लीग"ने मेंडोसिनोच्या किनाऱ्यालगतचं ५२३ एकर रेडवुडचं जंगल या संस्थेच्या मालकीचं करून दिलं. त्या जमिनीला आधी "अँडरसोनिया वेस्ट" म्हणत. आता तिचं नाव सिंकयोन भाषेत आहे : "त्चिह-लेह-दुन", मासे धावतात ती जागा. सिंकयोन ही काटोची सख्खी बहीण. आणि बदल्यात जमातींनी जंगल राखण्याचा करार लिहून दिला आहे.

चिंगी

बिल रे यांचं पुस्तक वाचायला मिळेल का? विकत घ्यावं लागेल?

पाणकोंबडी

नाही गं. १९०९ चं आहे, कॉपीराइट कधीच संपला. इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. आधी मूळ काटो मजकूर आणि प्रत्येक शब्दाखाली त्याचा इंग्रजी अर्थ, आणि सलग भाषांतर पुस्तकाच्या शेवटी एकत्र दिलंय. त्यामुळे मागून सुरुवात कर. पृथ्वी येण्याची गोष्ट भाषांतरात वाचून काढ आणि मग पुढे येऊन काटो ओळींत कुत्रा कुठे कुठे येतो ते शोध. दोन पानांत तुला तो शब्द ओळखता यायला लागेल.

स्पॅनर

उतरवून घेतलं. कुत्र्याचं नाव काय हो?

पाणकोंबडी

नाव नाही दिलेलं. नागाइचो त्याला नुसतं "माझ्या कुत्र्या" म्हणतो. बाकी भाषांतर करणार असलास तर "म्हणे" गाळू नकोस.